वॉलपोलच्या मागावर: लंडन, किंग्ज लिन आणि हॉटन

ब्रिटनचा पहिला पंतप्रधान म्हणून सर रॉबर्ट वॉलपोलचं नाव घेतलं जातं. १७२१ ते १७४२ अशी जवळपास एकवीस वर्षं तो सलग सत्तेवर होता. त्याच्यानंतर आजवर कुणालाच इतका काळ त्या खुर्चीत टिकता आलेलं नाही. त्या काळी पंतप्रधान असं पद कायद्यात नव्हतंच. त्याच्याकडे होतं ते खजिन्याचं पद, फर्स्ट लॉर्ड ऑफ द ट्रेझरी. तिजोरीच्या किल्ल्या आणि हाउस ऑफ कॉमन्समधलं बहुमत एका हातात आलं की राज्य चालवता येतं, हे त्याने करून दाखवलं. पुढचे सगळे त्याच वाटेने गेले.

माझ्या बाबांची अख्खी नोकरी अलिबागच्या जिल्हा कोषागारात गेली. निवृत्तीनंतर त्यांनी मराठ्यांचा इतिहास वाचायला घेतला, आणि वाचता वाचता त्याच काळातल्या इंग्लंडपर्यंत पोचले. पहिले बाजीराव १७२० मध्ये पेशवे झाले आणि १७४० मध्ये गेले. वॉलपोलची कारकीर्दही जवळजवळ तेवढीच. जूनमध्ये बाबा माझ्याकडे लंडनला आले तेव्हा मादाम तुसाँ, लंडन आय वगैरे यादी मी पुढे केली. त्यांनी ती घडी घालून परत दिली. "ते राहू दे गं. मला तो खजिनदार कुठे वाढला आणि कुठे बसायचा ते बघायचंय."

मग आखणी अशी झाली: आधी लंडन, मग नॉरफकमधलं किंग्ज लिन हे त्याच्या मतदारसंघाचं बंदर, आणि शेवटी हॉटन हॉल, त्याने बांधलेला वाडा.

पहिला दिवस: सिटी ते व्हाइटहॉल

सुरुवात बँक स्टेशनपासून केली. कॉर्नहिल आणि लोंबार्ड स्ट्रीट यांच्यामध्ये चेंज ॲली नावाची बोळांची जाळी आहे. दोन माणसं शेजारी शेजारी जेमतेम चालतील एवढ्या गल्ल्या. जोनाथन्स कॉफी हाउस जिथे होतं तिथे भिंतीवर पाटी आहे. शेअर बाजाराची इमारत व्हायच्या आधी शेअरची खरेदी-विक्री याच बोळात आणि इथल्या कॉफीच्या दुकानांत चाले. आम्ही गेलो ती जेवणाची वेळ होती. ऑफिसातली मुलंमुली भिंतीला टेकून सँडविच खात होती. बाबा पाटीसमोर उभे राहून तिथेच मला १७२० सालची गोष्ट सांगू लागले.

साउथ सी कंपनीने सरकारचं कर्ज आपल्या अंगावर घेतलं. ज्यांचे पैसे सरकारकडे अडकले होते त्यांनी कर्जरोखे कंपनीला द्यायचे आणि बदल्यात कंपनीचे शेअर घ्यायचे. शेअरचा भाव जितका चढा, तितके कमी शेअर देऊन कंपनीची सुटका. त्यामुळे भाव चढता ठेवणं हाच कंपनीचा धंदा होऊन बसला. स्वतःचे शेअर घ्यायला कंपनी लोकांना स्वतःच कर्ज देऊ लागली. जानेवारीत १२८ पौंडांच्या आसपास असलेला शेअर उन्हाळ्यात हजाराला भिडला, आणि वर्ष संपेपर्यंत जिथून निघाला होता जवळपास तिथेच येऊन पडला. न्यूटनसारख्या माणसाचेही पैसे त्यात गेले.

वॉलपोलचं नशीब इथे उघडलं. चौकशी लागली. अर्थमंत्री आइस्लबी टॉवर ऑफ लंडनच्या तुरुंगात गेला, कंपनीचा रोखपाल नाइट हिशेबाची वही घेऊन देशाबाहेर पळाला. स्टॅनहोप आणि क्रॅग्ज हे दोन वजनदार मंत्री १७२१ च्या फेब्रुवारीत वारले. वॉलपोल तेव्हा सरकारात होता, पण या योजनेच्या मुळाशी त्याचं नाव नव्हतं. ३ एप्रिल १७२१ ला तो ट्रेझरीचा प्रमुख झाला. संचालकांच्या मालमत्ता जप्त झाल्या, पण दरबार आणि बडे मंत्री मात्र त्याने वाचवले. लॉर्ड संडरलंडची निर्दोष सुटका त्याच्याच खटपटीने झाली. लोक त्याला पडदा धरणारा म्हणू लागले.

"लोकांचं चुकलं नाही," बाबा म्हणाले. "पण त्या वेळी सगळ्यांनाच आत टाकलं असतं तर सरकारच्या कागदावर कोणी विश्वास ठेवला असता?" या प्रश्नावर आम्ही पुढे सगळी सहल भांडलो. माझं मत अजूनही असं आहे की विश्वास वाचवायच्या नावाखाली त्याने माणसंच जास्त वाचवली.

तिथून चालत लेडनहॉल स्ट्रीटला गेलो. ईस्ट इंडिया कंपनीची मुख्य कचेरी इथेच होती. आता त्या जागी लॉइड्सची पोलादी नळ्यांची इमारत उभी आहे. १७३० मध्ये कंपनीच्या सनदेची मुदत वाढवताना वॉलपोलच्या सरकारने कंपनीकडून दोन लाख पौंड घेतले आणि सरकारला दिलेल्या कर्जावरचं व्याज पाचावरून चार टक्क्यांवर आणवलं. विरोधकांना मक्तेदारी मोडायची होती. ट्रेझरीने तिची किंमत वसूल करून ती चालू ठेवली. बाबांना इथे अलिबाग आठवणं साहजिकच होतं. वॉलपोल ट्रेझरीत बसला त्याच वर्षाच्या शेवटी इंग्रज आणि पोर्तुगीजांनी मिळून कान्होजी आंग्र्यांच्या कुलाबा किल्ल्यावर चाल केली होती, आणि ती फसली. लहानपणापासून ओहोटीला चालत जाऊन पाहिलेला किल्ला आणि ही काचेपोलादाची इमारत एका वाक्यात आणताना बाबांचा आवाज चढला होता. शेजारून जाणारी एक बाई थांबून बघू लागली.

दुपारी व्हाइटहॉल. डाउनिंग स्ट्रीटच्या, म्हणजे पंतप्रधानांचं दहा नंबरचं घर आहे त्या गल्लीच्या, तोंडाशी लोखंडी फाटक आहे, आत सोडत नाहीत. तिथल्या पोलिसाने मात्र बाबांना फाटकाच्या अगदी कडेला उभं राहायला जागा दिली आणि कोणतं दार ते बोटाने दाखवलं. राजा दुसरा जॉर्ज हे घर वॉलपोलला खासगी भेट म्हणून देत होता. ते स्वतःच्या नावावर न घेता ट्रेझरीच्या पदाला जोडून घ्यावं, अशी अट वॉलपोलने घातली. वास्तुकार विल्यम केंटने आतली घरं जोडून दिली आणि सप्टेंबर १७३५ मध्ये वॉलपोल राहायला आला. दाराच्या पितळी टपालपट्टीवर आजही फर्स्ट लॉर्ड ऑफ द ट्रेझरी असंच कोरलेलं आहे.

"म्हणजे क्वार्टर," बाबा म्हणाले. "पद गेलं की खाली करायचं." त्यांना ही गोष्ट मनापासून आवडली. आयुष्यभर क्वार्टरमध्ये राहिलेल्या माणसाला ती आवडणारच.

जाणाऱ्यांसाठी: फाटकापाशी गर्दी करण्यापेक्षा मागच्या हॉर्स गार्ड्स परेडच्या मैदानात जा. तिथून दहा नंबरच्या घराची मागची बाजू आणि बागेची भिंत दिसते, आणि त्याच मैदानाला लागून केंटने १७३० च्या दशकात बांधलेली ट्रेझरीची दगडी इमारतही बघता येते. तिच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही. वेळ असेल तर ट्रॅफल्गार चौकाजवळच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत नेलरने काढलेलं वॉलपोलचं चित्र आहे. गॅलरीला तिकीट नाही.

दुसरा दिवस: किंग्ज लिन

किंग्ज क्रॉसहून थेट गाडी आहे, पावणेदोन तासांच्या आसपास लागतात. साठीच्या पुढच्या पाहुण्यांसाठी सीनियर रेलकार्ड काढून घ्या. पासपोर्ट दाखवून मिळतं आणि भाड्यात एक तृतीयांश सूट. एका लांबच्या प्रवासात कार्डाचे निम्मे पैसे सुटतात.

केंब्रिज सोडलं की जमीन सपाट होते. फेन्स म्हणतात त्या पाणथळीत कालवे काढून केलेली काळी शेतं, मध्येच ईलीचं कॅथीड्रल जहाजासारखं वर आलेलं. गाडीत बाबांनी सिंकिंग फंडाचा विषय काढला. आपल्या सोसायटीच्या मेंटेनन्सच्या बिलात सिंकिंग फंड म्हणून जी ओळ असते, तीच कल्पना वॉलपोलने राष्ट्राच्या कर्जासाठी मांडली. जुन्या कर्जाचं व्याज सहावरून पाच टक्क्यांवर आणायचं, वाचलेली रक्कम वेगळ्या खात्यात टाकायची, आणि त्यातून मुद्दल फेडत जायचं. योजना त्याची, पण १७१७ च्या एप्रिलमध्ये पक्षातल्या भांडणातून त्याने राजीनामा दिला आणि कायदा त्याच्यामागून आलेल्यांनी मंजूर केला. पुढे १७३३ मध्ये, जमिनीवरचा कर वाढवायला नको म्हणून, त्यानेच या निधीतून पाच लाख पौंड उचलले.

"हे मात्र वाईट केलं," बाबा म्हणाले, आणि थोडा वेळ खिडकीबाहेर बघत बसले. साउथ सीच्या प्रकरणात ते त्याच्या बाजूने होते. राखीव निधीला हात लावलेला मात्र त्यांना खपत नाही, मग तो ग्रेट ब्रिटनचा असो की आमच्या सोसायटीचा.

लिनमध्ये उतरलो तेव्हा वारा असा होता की छत्री उघडायचा प्रश्नच नव्हता. जूनमध्ये बाबांनी कानटोपी घातली. ग्रेट ऊझ नदीच्या काठी, परफ्लीट नावाच्या छोट्या खाडीच्या तोंडाशी कस्टम हाउस उभं आहे. १६८३ मध्ये हेन्री बेलने व्यापाऱ्यांसाठी बांधलेली ही इमारत नंतर जकातीची कचेरी झाली. दगडाची चौकोनी, वर उतरतं छप्पर आणि त्यावर लहानसा मनोरा. ओहोटी होती. नदी मागे सरकली होती आणि काठाचा चिखल चकाकत होता. बाबांनी तो वास ओळखला आणि खूश झाले.

वॉलपोल या गावाचा खासदार झाला १७०२ मध्ये, आणि मधला एक छोटा खंड सोडला तर १७४२ पर्यंत होता. तो खंड सांगण्यासारखा आहे. युद्धखात्याचा सचिव असताना स्कॉटलंडमधल्या सैन्याच्या घोड्यांच्या चाऱ्याच्या कंत्राटात त्याने गैरव्यवहार केला, असा ठपका ठेवून १७१२ च्या जानेवारीत विरोधी टोरी पक्षाने त्याला सभागृहातून काढलं आणि टॉवरमध्ये टाकलं. सहा महिने तो आत होता. लिनच्या मतदारांनी त्याला लगेच परत निवडून दिलं, सभागृहाने ती निवडणूक रद्द ठरवली. पुढच्या वर्षी तो पुन्हा निवडून आला आणि या वेळी सभागृहात बसला. लिनच्या दोन जागांपैकी दुसरीवरचा खासदार सर चार्ल्स टर्नर हा त्याचा मेहुणा होता. ट्यूजडे मार्केट प्लेस या मोठ्या चौकातलं ड्यूक्स हेड हॉटेल मुळात टर्नर घराण्याने बांधून घेतलेलं. चौकात उभं राहिलं की गावातला पैसा, नातीगोती आणि मतं कशी एकमेकांत गुंतली होती ते समजायला फार पुस्तकं लागत नाहीत.

कस्टम हाउसच्या समोरच्या कठड्यावर एक निवृत्त गृहस्थ बसले होते. मासेमारी करणाऱ्या घराण्यातले, गाव सोडून कधी राहिलेले नाहीत. बाबांनी त्यांना थेट विचारलं, वॉलपोलबद्दल इथे काय बोलतात? ते म्हणाले, शाळेत शिकवतात तेवढंच. पण चोरटी दारू आणणाऱ्यांच्या गोष्टी मात्र या किनाऱ्यावर अजून सांगतात. मग बाबांनी त्यांना चरित्रकारांनी नोंदवलेली हकिगत सांगितली: स्वतः मंत्री असताना वॉलपोलने जकात चुकवून आणलेली वाइन चक्क नौदल खात्याच्या नावेतून थेम्सवर आणवली होती. ते गृहस्थ इतके हसले की त्यांना खोकला आला.

ही चोरटी आयात बंद करायलाच वॉलपोलने १७३३ मध्ये आपली सगळ्यात मोठी करयोजना आणली, हे ध्यानात घेतलं पाहिजे. तंबाखू आणि वाइनवर बंदरात जकात न घेता माल सरकारी गोदामात ठेवायचा, आणि देशात विक्रीला बाहेर काढताना त्यावर अबकारी घ्यायची. चहा-कॉफीवर हा प्रयोग १७२० च्या दशकात यशस्वी झाला होता. परदेशी पुन्हा पाठवायच्या मालावर बोजा पडणार नव्हता. वाढलेल्या उत्पन्नातून जमिनीवरचा कर पौंडाला एक शिलिंगावर टिकवता येणार होता. हिशेब चोख होता. पण अबकारी म्हणजे दुकानात, घरात घुसणारा सरकारी अधिकारी, असं लोकांच्या मनात बसलं. लंडनपासून गावोगावचे व्यापारी उठले, त्याच्या प्रतिमा जाळल्या गेल्या. सभागृहातलं त्याचं मताधिक्य ६१ वरून १७ वर आलं, आणि त्याने विधेयक मागे घेतलं.

मला त्याच्या अख्ख्या कारकिर्दीत हा क्षण सगळ्यात मोठा वाटतो. आपलं बरोबर आहे याची खात्री असताना, सभागृह अजून हातात असताना, लोकांना हे नको आहे एवढ्यावरून माघार घेणं किती जणांना जमतं? बाबांचं म्हणणं, तो घाबरला. असेल. पण घाबरून तरी ऐकलं.

संध्याकाळी मिन्स्टरच्या, म्हणजे गावातल्या मोठ्या चर्चच्या, पश्चिम दारापाशी पुराच्या खुणा बघितल्या. १९५३ आणि १९७८ च्या वादळी भरतीचं पाणी कुठवर चढलं ते दगडावर कोरलेलं आहे. बाबांनी हात लावून उंची बघितली.

जेवायला काय घ्यावं: इथल्या वॉश खाडीतली तपकिरी बारीक कोळंबी, मसाला घातलेल्या लोण्यात बुडवून गोठवलेली, भाजलेल्या पावाबरोबर देतात. आणि सॅम्फायर, खाऱ्या दलदलीत उगवणारी हिरवी कुरकुरीत भाजी, जून ते ऑगस्ट तिचा हंगाम. फक्त उकडून लोणी घालतात आणि मीठ लागतच नाही. बाबांनी कोळंबीवर लिंबू मागून घेतलं. सॅम्फायर दोनदा घेतली.

तिसरा दिवस: कॅसल रायझिंग आणि हनस्टॅन्टन

लिनहून बसने थोड्याच वेळात कॅसल रायझिंग येतं. गवताळ मातीच्या प्रचंड तटबंदीच्या आत बाराव्या शतकातला दगडी बालेकिल्ला. आम्ही मात्र आलो होतो गाव बघायला. गाव म्हणजे काही घरं, चर्च, आणि १६१४ मध्ये हॉवर्ड घराण्याने वृद्ध स्त्रियांसाठी बांधलेला आश्रम. एवढंसं गाव पार्लमेंटमध्ये दोन खासदार पाठवत असे! वॉलपोलचे वडील इथलेच खासदार. १७०० मध्ये ते वारले आणि १७०१ मध्ये मुलगा त्यांच्या जागेवर निवडून आला, वय चोवीस. १८३२ च्या सुधारणा कायद्याने हा मतदारसंघ रद्द झाला.

वॉलपोलचं यश समजायचं तर या गावातून एक फेरी मारावी. अशा डझनावारी छोट्या मतदारसंघांवर सभागृह उभं होतं. ट्रेझरीच्या हातात जकात कचेरीतल्या नोकऱ्या, निवृत्तिवेतनं, चर्चमधल्या नेमणुका आणि गुप्त खर्चाचा निधी. कुणाच्या भाच्याला कुठे चिकटवलं की कुठलं मत पक्कं होतं, याचा नकाशा त्याच्या डोक्यात होता. त्याच्यावर सगळ्यात मोठा आरोप आहे तो हाच, आणि मला तो खरा वाटतो. मात्र त्याच्या आधी आणि नंतरही हेच चाललं होतं. त्याने ते जास्त नीट चालवलं. सभागृहात स्वतः बसून राहणं हेही त्याचंच शहाणपण. बढती म्हणून मंत्री उमरावांच्या सभागृहात जात, तो सत्तेवर असेपर्यंत गेला नाही.

किल्ल्याच्या तिकीटघरातल्या बाईंनी बाबांना बसायला खुर्ची आणून दिली आणि भारतातून फक्त वॉलपोलसाठी आलात का, असं विचारलं. बाबांनी मान डोलावली. त्यांनी आतून चहा आणला.

दुपारी बसने हनस्टॅन्टन. हे गाव पूर्व किनाऱ्यावर असून पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्यामुळे सूर्य समुद्रात बुडताना दिसतो. तिथले कडे खाली गंजलेल्या तांबड्या रंगाचे आणि वर पांढरे, रंग लावल्यासारखे पट्टे. सूर्यास्त जूनमध्ये रात्री साडेनवाच्या सुमारास. परतीच्या शेवटच्या बसची वेळ आधी बघून ठेवा, नाहीतर टॅक्सीला बरेच पैसे जातात.

चौथा दिवस: हॉटन हॉल

हॉटनला लिनहून थेट बस नाही. आम्ही टॅक्सी ठरवली, साधारण अर्धा तास. चालक लिथुएनियाचा, शेतात भाजी काढायला आला आणि इथेच राहिला. त्याने बाबांना वाटेतली बीटची आणि बार्लीची शेतं ओळखून दाखवली. वाडा उन्हाळ्यातच आणि आठवड्यातले ठरावीक वारच उघडा असतो, तेव्हा वार बघून बाकीची सहल आखा.

फाटकाबाहेर आधी लागतं ते न्यू हॉटन. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना एकसारखी पांढरी चौकोनी घरं. जुनं हॉटन गाव वाड्याच्या दृष्टीच्या आड येत होतं म्हणून वॉलपोलने ते १७२० च्या दशकात उठवून इथे वसवलं. चर्च तेवढं जागेवर राहिलं, आता ते बागेत एकटंच आहे. घरं नवी आणि पक्की मिळाली हे खरं, पण गावाला कुणी विचारलं असेल असं वाटत नाही. आम्ही त्या रस्त्यावरून पायी चालत गेलो.

वाड्याचा पाया १७२२ मध्ये घातला आणि काम १७३५ पर्यंत चाललं. आराखडे कॉलिन कॅम्पबेल आणि जेम्स गिब्ज यांचे, आतली सजावट केंटची. दगड यॉर्कशायरच्या आइस्लबीहून, व्हिटबी बंदरातून जहाजाने लिनला आणलेला. उन्हात त्याला मधाची छटा येते. समोर पांढऱ्या हरणांचा कळप चरत होता.

आत शिरताच स्टोन हॉल. लांबी, रुंदी, उंची तिन्ही चाळीस फूट. भोवती रोमन सम्राटांचे अर्धपुतळे आणि त्यांच्यात रिसब्रॅकने घडवलेला वॉलपोल, रोमन वस्त्रात, पण छातीवर गार्टर या राजाने द्यायच्या मानाच्या किताबाचा तारा. १७२६ मध्ये हा सन्मान त्याला मिळाला तेव्हा कॉमन्समध्ये बसणाऱ्या माणसाला तो मिळणं फार दुर्मीळ होतं. चेहरा भरलेला, हनुवटीखाली वळी, ओठ मिटलेले पण हसण्याच्या बेतात. बाबा त्याच्यासमोर बराच वेळ उभे होते. मी फोटो काढू का विचारलं तर नको म्हणाले.

जिन्यापाशी एक निवृत्त शिक्षक स्वयंसेवक म्हणून उभे होते. त्यांनी बाबांना कठड्यावरून नजर फिरवायला सांगितली. सगळं महोगनी, गडद तांबूस, कोरीव, इतकं गुळगुळीत की खिडकीचा उजेड त्यात लांबट होऊन उतरला होता. वॉलपोल सत्तेवर आला त्याच १७२१ सालच्या कायद्याने अमेरिकेतल्या आणि वेस्ट इंडीजमधल्या वसाहतींतून येणाऱ्या लाकडावरची आयात जकात उठली. त्यानंतर इंग्लंडमध्ये महोगनीची लाट आली. बाबांनी मला मराठीत सांगितलं, "कर उठवणारा हाच आणि लाकूड लावणाराही हाच. ऑडिटमध्ये मी यावर पेन्सिलीने खूण केली असती." मास्तरांनी भाषांतर मागितलं, ते ऐकून गंभीरपणे म्हणाले की ते स्वतःही गेली कित्येक वर्षं याचाच विचार करताहेत. जमैकात ही झाडं गुलामांकडून तोडून घेतली जात, हेही त्यांनी न विचारता सांगितलं. मला त्यांचा आदर वाटला.

वर हिरव्या मखमलीची शय्या आहे. डोक्याशी माणसाहून मोठा दुपदरी शिंपला, मखमलीचाच, आणि त्याच्या प्रत्येक वळीवर सोनेरी जरीची किनार. जवळ जाऊन बघितलं तर किनारीतला धागा काही ठिकाणी काळवंडलाय, पण शिवण कुठे सुटलेली नाही. एवढ्या जरीचं बिल १७३२ मध्ये आलं १,२१९ पौंड, ३ शिलिंग, ११ पेन्स. बाबांनी आकडा वहीत उतरवून घेतला, पेन्ससकट.

इथेच शिकारीच्या हंगामात त्याच्या मेजवान्या चालत. खाली अर्ध्या परगण्याला जेवण, वर मंत्र्यांची खलबतं. परराष्ट्र कारभार सांभाळणारा टाउनशेंड हा त्याचा शेजारी, दुसरा मेहुणा आणि सुरुवातीचा भागीदार. १७३० मध्ये दोघांचं फाटलं, टाउनशेंड रेनहमला आपल्या वाड्यावर परतून सलगमाची शेती करू लागला. त्यानंतर वॉलपोलला बरोबरीचं कुणी उरलं नाही. १७३४ मध्ये युरोपभर लढाई पेटली असताना त्याने राणी कॅरोलाइनला सांगितलं होतं, या वर्षी युरोपात पन्नास हजार माणसं मारली गेली आणि त्यात एकही इंग्रज नाही. या एका वाक्यासाठी मी त्याला बरंच काही माफ करायला तयार आहे. १७३९ मध्ये मात्र स्पेनशी युद्ध त्याला टाळता आलं नाही. ते रखडलं, १७४१ च्या निवडणुकीत बहुमत झिजलं, आणि १७४२ च्या फेब्रुवारीत चिपनहॅम मतदारसंघातल्या निवडणुकीच्या वादावर सभागृहात हरल्यावर त्याने पद सोडलं. अर्ल ऑफ ऑर्फर्ड होऊन तो उमरावांच्या सभागृहात गेला. दहा वर्षांच्या खर्चाची चौकशी लागली. ट्रेझरीचा वकील पॅक्स्टन याने उत्तर द्यायला नकार दिला, तुरुंगात गेला, पण तोंड उघडलं नाही. १८ मार्च १७४५ ला वॉलपोल वारला. बागेतल्या सेंट मार्टिन चर्चमध्ये त्याला पुरलं आहे. त्याच्यासाठी वेगळं स्मारक नाही.

पोट भरायला तबेल्याच्या इमारतीत कॅफे आहे. बाबांनी स्कोन खाल्ला आणि भिंतीच्या आतल्या पाच एकरांच्या बागेत गुलाब बघत तासभर फिरले. ही बाग चुकवू नका, वाड्याइतकाच वेळ तिला द्या.

परतीचा दिवस

वाटेत केंब्रिजला उतरून किंग्ज कॉलेज बघितलं. इथे तो १६९६ मध्ये दाखल झाला, धर्मगुरू व्हायचं ठरलं होतं. १६९८ मध्ये थोरला भाऊ वारला, तो वारस झाला आणि त्याला शिक्षण सोडून घरी जावं लागलं.

गाडीत बाबा चित्रांबद्दल बोलत होते. वॉलपोलने जमवलेला संग्रह इंग्लंडमधल्या उत्तमांपैकी एक. तो कर्ज ठेवून गेला, आणि नातवाने १७७९ मध्ये दोनशेच्या वर चित्रं रशियाच्या कॅथरीन राणीला विकली, चाळीस हजार पौंडांहून थोड्या जास्त किमतीला. विक्रीआधी खासदार जॉन विल्क्सने पार्लमेंटमध्ये मागणी केली होती की देशाने ती विकत घ्यावीत. कुणी ऐकलं नाही. आज बरीचशी सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाजमध्ये आहेत. २०१३ मध्ये त्यातली काही एका उन्हाळ्यापुरती हॉटनच्या जुन्या भिंतींवर परत आली होती. आणि काही सोव्हिएत सरकारने १९३० च्या सुमारास अमेरिकन धनिक अँड्र्यू मेलनला विकली. त्यात व्हॅन डाइकचं लॉर्ड व्हार्टनचं चित्र आहे, ते आता वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत.

हे ऐकून मी म्हटलं, "बाबा, दादा तर व्हर्जिनियात, वॉशिंग्टनपासून तासाभरावर." त्यांनी लगेच फोन लावला. तिकडे सकाळचे सात वाजले होते. दादा झोपेत होता. बाबांनी त्याला चित्राचं नाव दोनदा म्हणायला लावलं, तिकीट नाही हे बजावलं, आणि रविवारी मुलांना घेऊन जा, चित्राशेजारची पाटी वाचून हॉटनचं नाव लिहिलंय का ते मला कळव, म्हणून सांगितलं.